एकट्या अणूचे आसन : उत्प्रेरकांच्या आधाराची दोनशे वर्षे (थ्रेड 🧵)

१/ सन १८२३. जर्मनीतील येना येथे योहान डोबेरायनर यांनी सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला आणि तो हवेत आपोआप पेटला. प्लॅटिनम मात्र जसेच्या तसे उरले. स्वतः खर्ची न पडता अभिक्रिया घडवणाऱ्या अशा पदार्थांना पुढे 'उत्प्रेरक' ही संज्ञा लाभली.

२/ अडचण किमतीची होती. अभिक्रिया धातूच्या पृष्ठभागावर घडते. कणाच्या पोटातील अणू वाया जातात. म्हणून कण जितका लहान, तितकी बचत मोठी. या विचाराचे अखेरचे टोक म्हणजे सुटा अणू. परंतु सुटे अणू उष्णतेने सरकतात, एकमेकांना बिलगतात आणि पुन्हा त्यांचा गोळा होतो. त्यांना जागीच धरून ठेवील असा आधार कोणता?

३/ १९८७ मध्ये जपानच्या मासाताके हारुता यांनी निष्क्रिय समजल्या जाणाऱ्या सोन्याचे सूक्ष्म कण लोहासारख्या धातूंच्या ऑक्साइडांवर बसवले. उणे ७० अंश सेल्सिअसलाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण झाले. आधार म्हणजे नुसता पाट नव्हे, हे ध्यानी आले.

४/ २००३ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात मारिया फ्लित्झानी-स्तेफानोपुलोस यांच्या चमूने सिरियम ऑक्साइडवरील सोन्याचे कण सायनाइडने धुऊन काढले. बहुतांश सोने गेले, तरी वायू-जल अभिक्रियेचा वेग घटला नाही! खरे काम ऑक्सिजनशी बांधलेले, डोळ्यांआड राहिलेले मोजके अणूच करीत होते.

५/ २०११ मध्ये चीनमधील दालियान येथे झांग ताओ व सहकाऱ्यांनी लोह ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. धातूचे प्रमाण वजनाच्या अवघे ०.१७ टक्के होते.

६/ २०१६ मध्ये मुंबईच्या आयआयटीत शिकलेले अभय दात्ये यांच्या अमेरिकेतील चमूने ॲल्युमिनावरील प्लॅटिनम सिरियम ऑक्साइडसह हवेत ८०० अंशांना तापवले. ॲल्युमिनावरून उडालेले अणू सिरियम ऑक्साइडने टिपून घेतले. त्याच्या बहुफलकी कणांनी व नॅनोदांड्यांनी ते घट्ट धरले. घनाकृती कणांना तितके साधले नाही. द्रव्य तेच, पण घडण निर्णायक ठरली.

७/ मात्र फार घट्ट बांधलेला अणू सुस्तही होतो. २०१७ मध्ये हाच उत्प्रेरक ७५० अंशांच्या वाफेत ठेवल्यावर कमी तापमानातही तत्परतेने काम करू लागला; वाफेने आधाराच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन क्रियाशील झाला होता.

८/ आधार निवडण्याची कसोटी या इतिहासातूनच घडली : अणू निसटू नये इतकी पकड हवी, आणि त्याचे हात मोकळे राहतील इतकी सैलही.