राक्षसांचे अरण्य आणि खेळाचा सूत्रधार

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरासाठी आम्ही दोघे विद्यार्थ्यांसह मुलचेऱ्याला गेलो होतो. दिवसा श्रमदान, सायंकाळी बौद्धिक आणि रात्री करमणूक, असा शिबिरांचा ठरलेला क्रम असतो. करमणुकीच्या सदराखाली एके रात्री आम्ही शाळेच्या ओसरीवर एक नकाशा पसरला. कागद ड्रॉइंगचा, शाई निळी. पश्चिमेला राजधानी, मध्ये नदी आणि नदीपलीकडे, पूर्वेच्या अर्ध्या कागदावर, आम्ही ठळक अक्षरांत लिहिले होते : राक्षसांचे अरण्य. पाच मुले खेळायला बसली, उरलेली बघायला. खेळ सुरू होण्यापूर्वीच मुलचेरा तालुक्यातल्याच एका मुलीने नकाशावर बोट ठेवून विचारले, "सर, त्या जंगलात कोन रायते?"

राक्षस राहतात, असे लिहिलेच होते. तरीही तिने विचारले, आणि उत्तर देताना आमची जीभ अडखळली. प्रस्तुत लेखाचे निमित्त ते अडखळणे आहे.

खेळ कोणता, हे आधी सांगायला हवे. चारसहा जण एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार. इंग्रजीतून आलेला 'गेम मास्टर' हा शब्द मुलांच्या तोंडी आहे, पण मराठीच्या अध्यापकांना सूत्रधार हाती असताना उसनवारी करवत नाही. सूत्रधाराने एक काल्पनिक जग रचलेले असते आणि त्याचे वर्णन तो तोंडी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जेथे फळ अनिश्चित तेथे फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा पुढे सरकते आणि अनेक डावांची मिळून एक मोहीम होते. या खेळासाठी वीस पैलूंचा फासा वापरतात. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून सहा कवड्या घेतल्या. वीस पैलूंच्या फाशात प्रत्येक अंकाची शक्यता सारखीच, शेकडा पाच. सहा कवड्यांत मात्र तीन उताण्या पडणे नित्याचे आणि सहाच्या सहा उताण्या पडणे विरळा. त्यामुळे आमच्या खेळात चमत्कार कमी घडले, आणि ते बरेच झाले.

या खेळाचे कूळ लष्करी आहे. प्रशियातील राइसवित्झ या लष्करी अधिकाऱ्याने वडिलांच्या खेळावर संस्कार करून १८२४ साली नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. दोन्ही पक्ष आपापले हुकूम एका पंचाकडे देत. कोणाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्या पंचालाच ठाऊक असे. पुढे नियमांचे इतके जंजाळ माजले की १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने ते बाजूला सारून पंचाच्या अनुभवी निवाड्यावर भिस्त ठेवली. अमेरिकेत टॉटन याने १८८० साली 'स्ट्रॅटेगॉस' या ग्रंथात पंचाला असाच व्यापक अधिकार दिला. जवळजवळ नव्वद वर्षांनी तो ग्रंथ मिनेसोटातील डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती पडला.

वेझलीची हकिकत आम्हांला विशेष प्रिय आहे. १९६९ साली त्याने 'ब्राउनस्टाइन' या कल्पित जर्मन गावाचा डाव मांडला. सैन्ये गावावर चालून यायची होती. दरम्यान गावातल्या मंडळींनाही काही उद्योग असावा, म्हणून त्याने कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला सावकार, कोणाला विद्यापीठाचा प्रमुख. झाले असे की सैन्ये राहिली बाजूला आणि ही मंडळीच एकमेकांशी खलबते करू लागली, सूत्रधाराने न योजलेल्या गोष्टी मागू लागली. डाव पार फसला, असे वेझलीला वाटले. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा केव्हा, असे विचारले. त्यांच्यात डेव्ह आर्नेसन होता. त्याने या कल्पनेतून 'ब्लॅकमूर' हे अद्भुत जग उभे केले, आणि गॅरी गायगॅक्सच्या सहकार्याने १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती.

हे वाचताना आम्हांला सतत सांगली आठवत होती. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी तेथे विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'चा प्रयोग झाला, आणि तो दिवस आपण आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पण त्या प्रयोगाचे स्वरूप काय होते, याकडे वर्गात घाईनेच पाहिले जाते. सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर उभा. कथानक त्याच्या पद्यांत. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. प्रसंग सूत्रधाराने गायचा आणि बोलायचे पात्राने, स्वतःच्या मगदुराप्रमाणे. भाव्यांच्या नाट्यकवितांचा संग्रह १८८५ साली छापला गेला, त्यात सूत्रधाराची पद्येच तेवढी आढळतात. नट काय बोलले, ते त्या रात्रींबरोबर गेले. म्हणजे एकाने जग सांगायचे आणि इतरांनी त्यात आपल्या जबाबदारीवर बोलायचे, ही रीत मिनेसोटाहून सव्वाशे वर्षे आधी कृष्णाकाठी रुळलेली होती. दशावतारात ती आजही जिवंत आहे, आणि आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईला दंडार उभी राहते तेव्हा छापील संहितेवाचूनच रात्र सरते. दंडारीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी निष्ठेने केला. पाठ्यपुस्तकांनी त्याची पुरेशी दखल घेतली असे आम्हांला वाटत नाही.

१८६१ साली कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले, १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, आणि नागर रंगभूमीवर लिखित शब्दाचे राज्य सुरू झाले. टॉटनचा ग्रंथ त्याच १८८०चा. तिकडे पंचाला मोकळीक मिळत होती आणि इकडे नटाची जात होती. योगायोगच, पण नोंदवल्यावाचून राहवत नाही.

भाव्यांच्या खेळांत आणखी एक गोष्ट होती : राक्षसपार्टी. तलवारी परजत, आरोळ्या ठोकत ते प्रवेश करीत. त्या आरोळ्यांवरूनच पुढे या प्रकाराला 'अललडुर्र' नाटके असे हेटाळणीचे नाव पडले. राक्षस यायचे कोठून? अर्थातच दंडकारण्यातून. सांगलीच्या प्रेक्षकाला दंडकारण्य हे पडद्यामागचे ठिकाण होते. आम्ही बसलो होतो ती ओसरी मात्र परंपरेने दंडकारण्यच म्हटल्या जाणाऱ्या मुलखात होती.

अमेरिकन खेळाचीही गत निराळी नव्हती. १९७४च्या तिसऱ्या पुस्तिकेत रानावनातल्या प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरण्याची शिफारस होती. वनात, दलदलीत, डोंगरात कोण भेटेल, याची कोष्टके दिली होती आणि निर्णय फाशाकडे होता. अरण्य म्हणजे रिकामी जागा. तेथे जे भेटेल ते मारण्याजोगे. जन्मतःच दुष्ट असलेल्या जमाती खेळात असाव्यात काय, या प्रश्नावर त्या खेळाच्या प्रकाशकांनी जाहीर भूमिका घेतली ती २०२० साली. ऑर्क ही राक्षससदृश जमात २०२४च्या नव्या पुस्तकात खेळाडूला घेता येण्याजोगे पात्र म्हणून आली. पन्नास वर्षे लागली. आम्ही त्यांना हसत नाही, कारण आमचा निळ्या शाईचा नकाशा त्यानंतरचा होता.

रिकाम्या नकाशाची किंमत मुलचेऱ्याला ठाऊक आहे. १९५८ साली केंद्र सरकारने फाळणीग्रस्त बंगाली निर्वासितांसाठी दंडकारण्य प्रकल्प आखला, तो मुख्यतः कोरापुट आणि बस्तर भागात. विरळ वस्तीचा मुलूख, म्हणून माणसे वसवायला योग्य, असा त्यामागचा हिशेब होता. १९६०च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबे आणून वसवली गेली. आजच्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी नावे भेटतात ती या इतिहासामुळे. विरळ म्हणजे निर्जन नव्हे. येथे गोंड होते, माडिया होते. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाक्यांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्यात फाशी दिले गेले, ते याच वनप्रदेशाचे पुत्र. आणि या जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील परसवाडीसारख्या गावी, दसऱ्याला रावणाचे दहन न होता पूजा होते. त्या मुलीचा प्रश्न या सगळ्यातून आला होता की निव्वळ कुतूहलातून, हे आम्ही तिला विचारले नाही.

आम्ही अडखळलो, आणि मग सूत्रधाराला शोभणार नाही असे एक काम केले. पेन तिच्या हाती दिले. तिने 'राक्षसांचे' हा शब्द खोडला, 'अरण्य' ठेवले आणि त्यात सात गावे काढली. एका गावाजवळ देवराई, तिच्याशेजारी मोहाची झाडे. मग बघ्यांपैकी सुंदरनगरकडचा एक मुलगा पुढे सरकला. त्याला पात्र हवे होते : आपले गाव नदीने गिळल्यावर नाव घेऊन वर आलेला कोळी. आमच्या यादीत योद्धा होता, मांत्रिक होता, वैद्य होता, कोळी नव्हता. घेतला. आमची तीन डावांची सिद्धता, गुहेतला खजिना, तिचा राखणदार, सगळे तेथेच गळाले. राजधानीतून निघालेल्या वीरांना नदी ओलांडायची होती आणि नाव होती कोळ्याकडे. त्या रात्री तासभर फक्त भाडे ठरत होते.

दुसऱ्या रात्री कोळ्याने पैलतीरी जमीन मागितली. सात गावांच्या वतीने त्या मुलीने विचारले, कोणाची? योद्ध्याने तलवारीला हात घातला आणि त्याला वैद्याने बसवले. मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. नियमाप्रमाणे निवाडा सूत्रधाराचा. त्याच अधिकारात 'जमीन रिकामी आहे' असे एका वाक्यात म्हणता आले असते, आणि ते वाक्य खेळात तत्क्षणी खरे ठरले असते. फेर्डी द्यु व्हेर्न्वाने पंचाच्या ज्या अनुभवी निवाड्यावर विश्वास टाकला होता, तो अनुभव आम्हां शहरात राहून पुस्तके शिकवणाऱ्यांपाशी नव्हता. आम्ही कवड्याही टाकल्या नाहीत. गावांनी आणि कोळ्याने आपसांत बोलावे, आम्ही ऐकू, एवढेच सांगितले.

बोलणी मराठीत सुरू झाली. मध्येच गोंडी शब्द आले, बंगाली आले, आणि सूत्रधारालाच अर्थ विचारत बसावे लागले. बारा वाजता वीज गेली. शिबिर तिसऱ्या दिवशी संपले तेव्हा कोळ्याची नाव ऐलतीरालाच बांधलेली होती आणि देवराईलगतच्या एका तुकड्यावर बोलणे अडले होते. नकाशा आम्ही मागितला. तो आपल्याकडेच राहू द्यावा, असे त्या मुलीचे म्हणणे पडले. पुढच्या डावाला लागेल.