आगाथेनं अडवलेली तारीख

कॅथोलिक रीतीत संताची आठवण काढायची ती बहुधा तो गेला त्या दिवशी, आणि त्या दिवसाला जुने लोक 'जन्मदिवस' म्हणत. स्वर्गातला जन्म, या अर्थानं. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहरात बिशप पॉलिकार्प यांना मारलं, तेव्हा तिथल्या मंडळींनी त्यांच्या अस्थी जपून ठेवल्या आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं. रक्तसाक्षी वाढत गेले, तशी तारखांची वही लागली. १५८४ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी अशी नामावळी सगळ्या लॅटिन चर्चला लागू केली. मठांमध्ये सकाळच्या प्रार्थनेत ती वाचली जाई. नावं मात्र उद्याच्या संतांची.

दिवस तीनशे पासष्ट आणि संत हजारो. मग दाटीवाटी होणारच. तिचा फटका वसईच्या एका पोराला बसला.

गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज वसईतला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे तो शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि जपानी सफाईनं बोलू लागला. तरी जेझुइटांनी त्याला संघात घेतलं नाही. काही काळ त्यानं व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्तांसोबत तो पुन्हा जपानला आला, या वेळी दुभाषा म्हणून. बोलणी करायची होती थेट जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याशी!

तीन-चार वर्षांत हिदेयोशी फिरला. गोन्सालोसह चोवीस ख्रिस्ती लोकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत भर थंडीत चालवत नेलं; वाटेत आणखी दोघांची भर पडून ते सव्वीस झाले. त्यात बारा वर्षांचा लुईस इबाराकीही होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधून भाले खुपसले.

पण ५ फेब्रुवारी ही तारीख सिसिलीच्या संत आगाथेनं कित्येक शतकं आधीच धरून ठेवलेली. म्हणून १९६९ च्या रोमन दिनदर्शिकेत या सव्वीस जणांना ६ तारीख मिळाली, आणि तीही त्यांच्यातल्या एकाच्याच नावानं, 'पॉल मिकी आणि सोबती' अशी. वसईचा गोन्सालो त्या 'सोबती'त गेला. वसईकरांना हे कसं रुचावं? गासचं चर्च आणि वसईतलं कॉलेज त्याचं पूर्ण नाव लावतात. निशिझाका टेकडीवर १९६२ साली उभारलेल्या स्मारकात सव्वीस ब्राँझच्या मूर्ती ओळीनं उभ्या आहेत. तिथं गोन्सालोला त्याची स्वतःची मूर्ती आहे.