दम्याच्या पंपामागचा इतिहास



ऊसतोडीनंतर उंब्रजच्या आसपास पाचट पेटते, धूर दाटतो आणि दमेकऱ्याच्या घरी रात्रीची घरघर वाढते. डॉक्टर तोंडाने ओढायचा पंप लिहून देतात. आपण मात्र ‘पोराला सवय लागेल’ म्हणून तो फडताळात ठेवतो. ही धास्ती कितपत खरी, ते या पंपाचा इतिहास वाचून ठरवा.

मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन शुद्ध रूपात काढल्याचे जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली जाहीर केले. त्याच्या इंजेक्शनाने धाप बसे, पण छातीही धडधडे. एकच द्रव्य श्वासनलिकेचा स्नायू सैल करते आणि हृदयाला पळविते, हे कसे?

अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये उत्तर दिले. किल्ली एकच असली तरी पेशींवरील कुलुपे, म्हणजे रिसेप्टर, दोन जातींची आहेत : अल्फा व बीटा. हा निबंध एका नियतकालिकाने आधी साभार परत केला होता! पुढे १९६७ मध्ये लँड्स व सहकाऱ्यांनी बीटाचेही दोन पोटप्रकार दाखविले. बीटा-१ मुख्यतः हृदयात, बीटा-२ श्वासनलिकांत. बीटा-२ उघडले की स्नायूपेशीत सायक्लिक एएमपी वाढते व आवळलेली नळी सैल होते.

तोवर वापरात असलेले आयसोप्रेनालिन दोन्ही बीटा कुलुपे उघडी. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडात दम्याचे मृत्यू वाढले, तेव्हा त्याच्या जोरकस फवाऱ्यावर संशय गेला. तेथेच डेव्हिड जॅक यांच्या चमूने मुख्यतः बीटा-२ वर चालणारे साल्ब्युटामॉल शोधले. १९६९ मध्ये ते बाजारात आले.

आपल्याकडे सिप्लाने दम्याचे फवारे १९७६ मध्ये काढले. ही कंपनी १९३५ साली मुंबईत स्थापणारे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद अलीगढचे, बर्लिनचे रसायनशास्त्राचे डॉक्टर. (रसायनशास्त्र शिकून पोरगा काय करणार, असे विचारणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.) हमीदसाहेब १९७२ मध्येच वारले होते.

आता सवयीविषयी. साल्ब्युटामॉल हे व्यसन लावणारे द्रव्य नव्हे. पण ते चार-सहा तास वाट मोकळी करते, आतली सूज घालवीत नाही. म्हणूनच मोठ्यांना व किशोरांना हा एकटाच पंप देऊ नये, सोबत ओढायचे स्टेरॉइड असावे, असा आंतरराष्ट्रीय सल्ला २०१९ पासून आहे. शिवाय धडधडीवरची प्रोप्रॅनोलॉल ही गोळी दोन्ही बीटा कुलुपे बंद करते. घरात कोणास दमा असेल, तर ती गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे जरूर सांगा.