किल्लारीच्या भिंती आणि आपल्या पायाखालचा दगड

४ डिसेंबर २०२४ ची सकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. साडेसातच्या सुमारास मांडणीवरची भांडी वाजली, पंखा झुलला. भूकंप झाला होता तेलंगणातल्या मुलुगू भागात, पण धक्का गडचिरोली, चंद्रपूर ओलांडून आपल्या भंडाऱ्यापर्यंत आला. तेव्हापासून गटाच्या बैठकीत बाया विचारतात, "ताई, आपल्याकडे असं होते का जी?"

याचं उत्तर दगडापासून सुरू होतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आज जिथे महाराष्ट्र आहे तिथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि आतला वितळलेला खडक बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा एकच उंच डोंगर धूर ओकत नव्हता. लाव्हा सपाट पसरायचा, निवायचा, मग त्यावर दुसरा थर. तव्यावर एकावर एक धिरडी टाकावीत तसं. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांत हे थर अजून मोजता येतात. त्या काळ्या दगडाची झीज होऊन पश्चिम विदर्भाची कापसाची काळी माती झाली.

नागपूरला सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची आहे. पण आपल्याकडे येता येता तो संपतो. भंडाऱ्याचा बहुतेक खडक लाव्ह्याहून कितीतरी जुना. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून जे मँगनीज निघतं, ते एकेकाळी पाण्याच्या तळाशी साचलेल्या गाळातलं. पुढे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने तो गाळच खडक झाला. आपल्या शेतातली सिहार आणि मोरंड जमीन वऱ्हाडापेक्षा वेगळी आहे, त्याचं एक मोठं कारण हा खालचा खडक.

आता भूकंप. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. आपला भारत ज्या तुकड्यावर आहे तो वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला ढकलतो. त्या रेट्याने हिमालय उभा राहिला. पण रेटा मधल्या जमिनीलाही बसतो. बांबूची कमची वाकवत गेलं की ती बराच वेळ सोसते आणि मग कडकन मोडते. जमिनीखाली जुन्या भेगा असतात, तिथे खडक असाच अचानक सरकतो आणि हादरा चहूकडे जातो. १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला झालं ते असंच.

त्याआधी ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लातूर, उस्मानाबादची गावं गाढ झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीजवळ जमीन हादरली. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे, काही मोजण्या दहा हजारांपर्यंत जातात. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता!

एवढी माणसं गेली कशी? भूकंप सहाच्या थोडा वरचा, म्हणजे जगातला फार मोठा नव्हे. पण घरं होती लाव्ह्याच्याच काळ्या गोल धोंड्यांची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, जोडायला नुसती माती, आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नसायची. हादरा बसताच त्या उकलल्या आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. उन्हाळ्यात थंडावा देणारी, चोराला न फुटणारी भिंत हीच. तिला नुसती नावं ठेवून चालणार नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पूर्ण पडलेली गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत लोकांनी स्वतःच घरं दुरुस्त करायची होती. सरकारने लोकसहभागाचं काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला दिलं आणि महिला मंडळांतल्या बायका गावोगाव 'संवाद सहायक' झाल्या. ज्यांना घराच्या बांधकामात कुणी कधी विचारलं नव्हतं, त्या शिकल्या की भिंतीत आरपार दगड कुठे घालायचा, दाराच्या वरून चारही भिंतींना कवळणारा काँक्रीटचा पट्टा का हवा, कोपरे कसे बांधायचे. अनुदानाचा हप्ता कुठे अडला हे त्या विचारू लागल्या, मिस्त्रीला काम उकलून पुन्हा करायला लावू लागल्या.

आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या नावाने आज घरकुल मंजूर होतं. कवेलूचं मातीचं घर पाडून विटांचं उभं राहतं. पैसा कमी पडला की पहिली काटछाट होते ती या पट्ट्याच्या लोखंडात, कारण ते नंतर प्लास्टरखाली दिसत नाही. पट्टा भरायच्या दिवशी घरधनिणीने तिथे उभं राहावं, सळ्या चारही कोपऱ्यांत वळवून नीट बांधल्यात का ते पाहावं आणि मगच काँक्रीट टाकू द्यावं.

किल्लारीकडच्या बायकांनी पुढे बचत गटही बांधले. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत कच्छ हादरलं, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिकडे गेल्या. भाषा वेगळी, तरी पडलेल्या घरांपुढे बसून तिथल्या बायकांना आपल्याकडे काय झालं आणि पुन्हा घर कसं उभं केलं, ते त्यांनी सांगितलं.