शब्दांवाचून पोवाडा

भाऊबीज झाली की आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा दुकाने आणि पाहुणेरावळे, रात्री दंडार किंवा खडी गंमत. अशाच एका मंडईत काही वर्षांपूर्वी मी अफझलखानाच्या वधाचा पोवाडा ऐकत बसलो होतो. शाहीर म्हातारा. दोन रात्रींच्या जागरणाने त्याचा आवाज मध्येच बसला. पण तो थांबला नाही. झीलकऱ्यांना त्याने हातानेच गप्प केले आणि नुसता डफ वाजवीत राहिला. ठेका आधी संथ, मग दबका, मग एकाएकी दाट झाला. माझ्याशेजारची एक आजीबाई पुटपुटली, "आता खान आला बाप्पा!" शब्द एकही नव्हता, पण खान आला होता खरा.

हा प्रसंग पुन्हा आठवला तो शोपँ या पोलिश संगीतकाराचा पहिला 'बालाद' ऐकताना. बालाद किंवा बॅलड म्हणजे युरोपातला पोवाडाच म्हणा ना! वीरांच्या, भुताखेतांच्या, फसलेल्या प्रेमाच्या कथा तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गात आले. 1822 साली मीत्स्कियेविच या पोलिश कवीने अशाच लोककथांच्या धर्तीवर आपल्या बालादांचा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हा पोलंडची वाटणी होऊन गेलेली होती. वॉर्साच्या गादीवर रशियाचा झार होता. शोपँने 1830 च्या नोव्हेंबरात वॉर्सा सोडले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे उठाव झाला. पुढच्याच वर्षी तो चिरडला गेला. शोपँ पॅरिसला स्थायिक झाला. मायदेशी त्याला पुन्हा जाता आले नाही.

1836 साली त्याने पियानोची एक रचना प्रसिद्ध केली आणि तिला नाव दिले 'बालाद'. गाणारा नाही, शब्द नाहीत, कथा कोणाची तेही सांगितलेले नाही! अशा एकंदर चार रचना त्याने केल्या. शेवटची 1842 सालची. मीत्स्कियेविचच्या कवितांवरून आपल्याला स्फूर्ती मिळाली असे तो म्हणाल्याचे शूमान या त्याच्या समकालीन संगीतकाराने लिहून ठेवले आहे. एवढ्या आधारावर कोणता बालाद कोणत्या कवितेचा, याचा शोध लोक आजपर्यंत घेत आले आहेत. शोपँने मात्र त्याचे उत्तर आपल्या कागदावर ठेवले नाही.

तरीही तो बालाद कथाच सांगतो. आमचा शाहीर आधी गणाला वंदन करतो, तशी पहिल्या बालादाच्या आरंभी काही संथ सुरावट येते. सांगणाऱ्याने खाकरून बैठक सावरावी तशी. मग सहा-सहा मात्रांच्या झुलत्या चालीत निवेदन सुरू होते. एक धून प्रथम अगदी हळुवार येते. तीच पुढे गर्जत परत येते, तेव्हा मधल्या काळात काही घडून गेले आहे हे ऐकणाऱ्याला उमगते. शेवट भरधाव आणि भीषण. पुढे ब्राह्म्सने 1854 च्या सुमारास पियानोचे चार बालाद रचले, तेव्हा पहिल्यावर 'एडवर्ड' या स्कॉटिश बॅलडचे नाव त्याने उघड घातले. शोपँने तेवढाही आधार दिला नव्हता.

आपल्याकडे काय झाले? अज्ञानदासाचा अफझलखान-वधाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांतला सर्वांत जुना मानला जातो. प्रसंग 1659 सालचा. असे पोवाडे गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या गळ्यात राहिले. ॲक्वर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते मिळवून 1891 साली ग्रंथरूपाने छापले. 1894 साली ॲक्वर्थने त्यांतल्या काहींचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. ते नसते तर कितीतरी पोवाडे म्हाताऱ्यांबरोबरच सरणावर गेले असते. पण ते पुस्तक उघडून आपण वाचतो ते शब्द. चौक कोठे थबकतो, झील कोठे उसळते, डफ कोठे घाई करतो, हे छापील ओळीने कसे सांगावे?

आजीबाईला कथा ठाऊक होती म्हणून तिला खान दिसला, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु खान नेमका त्याच क्षणी का दिसला? ते काम डफाचे. कथेत घटना असते, तशी सांगण्याची एक चालही असते. शोपँने घटना मागे ठेवून ती चाल तेवढी जपली. आम्ही घटना जपल्या आणि चाल ज्याच्या त्याच्या गळ्यावर सोपवून निश्चिंत झालो.

मंडईनंतर मी त्या शाहिराच्या घरी जाऊ लागलो. चार-पाच खेपांत त्याचे पोवाडे वहीत उतरवून घेतले आणि मोठे काम केले म्हणून मनाशी खूष झालो. म्हाताऱ्याने वही हातात घेतली, चाळली आणि विचारले, "गुरुजी, यात माहा डफ कोठी हाय?" मला उत्तर देता आले नाही. त्याच्यापाशी शिकायला कोणी पोरगा नव्हता. पुढच्या खेपेला ध्वनिमुद्रणाची सोय करून जावे असे मी ठरवले. शाळेच्या परीक्षा आल्या, मग पावसाळा आला. आणि गेलो तेव्हा डफ खुंटीला होता.

वही माझ्याजवळ आहे. शब्द सगळे बरोबर आहेत.