मामल्याची गाठ

प्लेगला आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ‘गाठीचा रोग’ म्हटले. त्या काळची वर्तमानपत्रे ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव छापत. जांघेत नाहीतर काखेत गाठ दिसली, की घरचे हाय खात. गाठ म्हणजेच रोग, अशी समजूत होती. खरे तर ती गाठ रोगाने आणलेली नसते. ती लसिकाग्रंथी असते, तुमच्या-माझ्या अंगात कायमची. रोगजंतूला धरणारी प्रतिपिंडे घडवण्याचे एक मुख्य ठिकाण तेच. प्लेगचा जंतू नेमका तिथेच घुसतो, म्हणून ती सुजते.

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतली मुले ‘बी पेशी’, ‘टी पेशी’ हे शब्द घडाघडा म्हणून दाखवतात. लातूर पॅटर्नचा तो गुणच आहे. मात्र या शब्दांची कसोटी एकदा मराठवाड्यातल्याच एका लहानशा गावात लागली होती, हे त्यांच्या पुस्तकात नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसारच सुमारे आठ हजार माणसे गेली. हादरे दूरवर जाणवले. भीतीने लोक घराबाहेर झोपू लागले, घरात धान्य मात्र राहिले, उंदरांचे फावले, आणि धक्क्यांनी रानातल्या उंदरांचीही घडी विस्कटली, असे अनुमान पुढे तज्ज्ञांनी मांडले. वर्षही उलटले नव्हते, तोच ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या आणि माणसांच्या जांघेत गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि देशभर घबराट उडाली. परदेशी विमाने थांबली, मालाची निर्यात अडली.

मग वाद पेटला: हा प्लेग आहे का? जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवणे हा पक्का पुरावा. पण रुग्णांना टेट्रासायक्लिन आधीच दिलेले, त्यामुळे जंतू सहजी हाती लागेनात. पुराव्याचा मोठा भार आला तो रक्तातल्या प्रतिपिंडांवर. प्लेगच्या जंतूभोवती ‘एफ १’ नावाच्या प्रथिनाचे वेष्टन असते. ते प्रथिन तांबड्या पेशींवर चढवायचे आणि रुग्णाच्या रक्तद्रवात त्या सोडायच्या. प्रतिपिंडे असतील तर पेशी एकमेकींना चिकटून बसतात. मामल्याच्या लोकांच्या रक्तात ती सापडली. तरी शंका घेणारे होतेच. हा दुसराच कुठला जंतू असेल, असे म्हणणारे काही नामवंत होते, आणि शंका घेणे हे त्यांचे कामच होते.

आता ही प्रतिपिंडे गाठीत कशी तयार होतात, ते पाहू. १८८० च्या दशकात वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाला लसिकाग्रंथीत भराभर विभागणाऱ्या पेशींचे गोल पुंजके दिसले. त्यांना त्याने ‘अंकुरणारी केंद्रे’ अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजीत तेच ‘जर्मिनल सेंटर’. तिथे पेशी जन्मतात, इतकेच त्याला वाटले. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी रक्तद्रवात विषावर उतारा असतो हे दाखवले. हाच किटासाटो १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधायला गेला. येर्सिन हाही तिथेच होता, आणि त्याला जंतू सापडला तो गाठीतच. पण गाठ, जंतू आणि उतारा यांचा धागा तेव्हा कुणालाच जुळवता आला नाही.

हाफकिनलाही नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्याने प्लेगचे जंतू काढ्यात वाढवले; वर तुपाचे थेंब तरंगत, त्यांना धरून जंतू खाली लोंबत. ते उष्णतेने मारून १० जानेवारी १८९७ रोजी त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली, आणि टोचलेल्यांत दगावण्याचे प्रमाण पुष्कळच कमी दिसले. लस कशी काम करते ते ठाऊक नसताना ती लाखोंना दिली गेली! परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्याच्याच नावाने ओळखली जाते.

उलगडा व्हायला विसावे शतक सरत आले. बर्नेटने १९५७ मध्ये सांगितले की जंतूशी जुळणारी बी पेशी आधीच अंगात असते, जंतू फक्त तिची निवड करतो. १९६४ मध्ये आयसेन आणि सिस्किंड यांनी दाखवले की दिवस जातील तशी प्रतिपिंडांची पकड घट्ट होत जाते. हे घडते त्याच अंकुरणाऱ्या पुंजक्यांत, याचा थेट पुरावा १९९१ मध्ये छापून आला, म्हणजे मामल्याच्या आधी अवघी तीन वर्षे.

आपला शेतकरी ज्वारीचे टपोरे कणीस बियाण्यासाठी बाजूला काढतो, पुन्हा पेरतो, पुन्हा निवडतो. गाठीत तेच चालते, फक्त हंगाम काही तासांचा. बी पेशी विभागताना प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका होऊ देते. मग प्रत्येक पिल्लाची जंतूच्या तुकड्यावर परीक्षा होते. ज्याची पकड चांगली त्याला टी पेशीची मदत मिळते, बाकीची मरतात. उरलेल्यांपैकी काही प्रतिपिंडे ओतू लागतात, काही आठवण धरून वर्षानुवर्षे राहतात.

या कामाला वेळ लागतो. केंद्र उभे राहायलाच आठवडा जातो, पकड पक्की व्हायला आणखी काही आठवडे. उपचार न झालेला प्लेग मात्र आठवड्याभरात माणूस नेतो, आणि जाता जाता गाठीच्या आतली सारी रचना कुजवून टाकतो. हाफकिनच्या मेलेल्या जंतूंनी गाठीला हा वेळ आधीच मिळवून दिला होता. मामल्यात तो गोळ्यांनी मिळवून दिला. जंतू आटोक्यात आले, माणसे वाचली, आणि वाचलेल्यांच्या गाठींनी आपले काम पुरे करून प्रतिपिंडे रक्तात सोडली. दिल्लीच्या तज्ज्ञांनी तपासली ती हीच.

डॉ. रामलिंगस्वामी यांच्या समितीने हा प्लेगच होता असा निष्कर्ष काढला. वाद तरी धुमसत राहिला. २००० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी त्या साथीत मिळालेल्या जंतूंचा डीएनए तपासून तेच उत्तर दिले. मामल्याच्या माणसांच्या रक्ताने ते सहा वर्षे आधीच सांगितले होते.