ब्रोकोलीचा प्रवास

कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली या भाज्या दिसावयास भिन्न असल्या, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें त्या एकाच जातीच्या होत. युरोपच्या किनाऱ्यावरील रानकोबीपासून माळ्यांनीं शतकानुशतकें निवड करीत कोठें पान वाढविलें, कोठें खोड, तर कोठें कळी. ब्रोकोली ही कळ्यांची व देठांची भाजी. कोबीच्या कोंबास असलेल्या इटालियन शब्दावरून तिला हें नांव पडलें.

इटलीबाहेरील विद्वानांस ती फार पूर्वींच ठाऊक झाली होती. इंग्लंडांत जॉन एव्हलिन यानें १६९९ सालच्या आपल्या ग्रंथांत नेपल्सच्या ब्रोकोलीचा उल्लेख केला आहे. पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या टॉमस जेफर्सननें १७६७ सालीं ती आपल्या व्हर्जिनियांतील बागेंत लाविली. तथापि त्यानंतर दीडशें वर्षें ती सामान्य अमेरिकनाच्या ताटांत आली नाहीं. बीं पोहोंचलें होतें. रांधणारा हात पोहोंचला नव्हता.

तो हात इटालियन स्थलांतरितांबरोबर गेला. सिसिलींतील मेसिनाहून आलेल्या डारिगो बंधूंनीं १९२२ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें ब्रोकोली लावून पाहिली व कांहीं पेट्या दूरच्या बोस्टनला धाडल्या; कारण तेथें त्यांच्या देशबांधवांची मोठी वस्ती होती. माल खपला. मग इटालियन भाषेंतील आकाशवाणी-कार्यक्रमांतूनहि त्यांनीं तिची जाहिरात केली, आणि परक्यांची म्हणून गणलेली भाजी हळूहळू सर्वांच्या बाजारांत शिरली.

पुढें शास्त्रानेंहि तिची बाजू घेतली. शंभर ग्रॅम कच्च्या ब्रोकोलींत सुमारें ८९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतें. संत्र्यांतहि इतकें नसतें. १९९२ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत पॉल टॅलले व त्यांचे सहकारी यांनीं तिच्यांतून सल्फोराफेन हें द्रव्य वेगळें केलें. शरीरांतील अपायकारक पदार्थ निकामी करणाऱ्या एन्झाइमांस तें चालना देतें. एवढ्यावरून भाजीस औषध मानणें मात्र योग्य नव्हे.

हें द्रव्य भाजी चिरली वा चावली असतां तयार होतें. तें घडवून आणणारें एन्झाइम फार शिजविल्यानें नष्ट होतें, आणि क जीवनसत्त्व उकळत्या पाण्यांत उतरून त्या पाण्याबरोबर फेकलें जातें. इटालियन गृहिणी तुरे थोडा वेळच शिजवितात, लसूण व ऑलिव्ह तेलांत परततात, जाड देठहि सोलून वापरतात. बागेंतील बियाण्यानें जें साधलें नाहीं, तें या साध्या रांधपानें साधलें. आणि भाजीचा गुण राखणें हेंहि शेवटीं चुलीपाशींच ठरतें.